बारा सेकंद

संगणकाच्या समोरच्या खाचेत वायर खोचली की डबीवरचा हिरवा दिवा लागायचा आणि पाच मोजेपर्यंत विझायचा. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर मुलगी टेबलाखाली शिरली, संगणकाचं धूड दोन्ही हातांनी पुढे ओढलं आणि मागच्या बाजूला चाचपडत वायर बसवली. दिवा लागला. तिने पाच मोजले, मग दहा मोजले, आणि डोकं टेबलाला आपटत बाहेर आली.

"लागलं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही बोलू नका म्हटलंय ना."

"एका शब्दाने काय माझा घसा बसणार आहे?"

"तो बसलेलाच आहे, बाबा."

यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शहाण्या मुलासारखे खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. चौतीस वर्षं ते बसस्थानकावर उद्घोषक होते. काचेच्या एका केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते सांगायचं, एवढंच काम; पण गावोगावच्या माणसांना त्यांचा चेहरा माहीत नसून आवाज माहीत होता. आता त्या आवाजाच्या पेटीतच गाठ निघाली होती. गुरुवारी शस्त्रक्रिया होती आणि पेटी पूर्ण काढावी लागणार होती. त्याआधी चारशे वाक्यं रेकॉर्ड करून दिली तर इस्पितळातला प्रोग्रॅम त्यांच्यासारखा बोलणारा आवाज तयार करणार होता. बाबांनी टाइप करायचं, यंत्राने त्यांच्या आवाजात म्हणायचं. आज रविवार होता. बुधवारी सकाळी दाखल व्हायचं होतं. मधल्या तीन सकाळी आणि बाबांचा उरलासुरला घसा, एवढ्यात चारशे वाक्यं बसवायची होती.

मुलगी एका शाळेत संगणकांची देखभाल करायची. शाळेने मोडीत काढलेला हा संगणक तिने घरी आणला होता आणि त्यावर फुकट मिळणारी, कुणालाही उघडून बघता येणारी प्रणाली घातली होती. त्या प्रणालीचा गुण हा की ती काही लपवत नाही, आणि अवगुण हा की ती काही गृहीतही धरत नाही. दुसरं एखादं यंत्र नवी डबी दिसली की आपणहून कामाला लागतं. हे विचारत बसतं, मी ऐकू कुणाचं? डबी म्हणजे बाहेरून जोडायचं यूएसबीचं साउंड कार्ड. पंज्याएवढी पेटी, तिला माइकची एक खाच, हेडफोनची एक, आणि आवाज कमीजास्त करायला दोन फिरक्या. पडद्यावर यादी आली. पहिलं नाव संगणकाच्या पोटातल्या कार्डाचं, दुसरं डबीचं, आणि तिसरंही डबीचंच, पण त्याच्यामागे आणखी एक शब्द लावलेला. घाईघाईत तिने तिसरं निवडलं.

माइक कपाटाच्या उघड्या दारात ठेवला होता. टांगलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, हे रुग्णालयातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलं होतं. पंखा बंद. खिडक्या बंद. बाबा कपड्यांकडे तोंड करून उभे राहिले, चष्मा नाकावर सरकवला, वाक्यांचा छापील कागद हातभर लांब धरला आणि माइकवर बोटाने दोनदा टकटक केली.

"इथे टकटक नाही करायची," ती मागून म्हणाली.

"चालू आहे की नाही कसं कळणार?"

प्रोग्रॅम साधा होता. लाल टिंब लागलं की वाचायचं. बारा सेकंदांनी टिंब आपोआप विझायचं, मग पुढचं वाक्य. वीस वाक्यं झाल्यावर तिने हेडफोन कानाला लावून पाहिलं. वीसच्या वीस फायली रिकाम्या होत्या. तिसरं नाव म्हणजे यंत्र बाहेर जे ऐकवतं तेच परत ऐकण्याची सोय होती. माइक बोलत होता आणि यंत्र स्वतःलाच कान देऊन बसलं होतं.

"बाबा, वीस वाक्यं पाण्यात गेली. माझी चूक."

ते वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कागदाचं पहिलं पान पुन्हा वर घेतलं आणि माइकवर टकटक केली.

दुसरी अडचण निराळीच निघाली. बाबा प्रत्येक वाक्य दोनदा वाचत होते. "सकाळच्या उन्हात अंगण कोरडं झालं." श्वास. "सकाळच्या उन्हात अंगण कोरडं झालं."

"एकदाच वाचायचं, बाबा. दुसरं मला कापून टाकावं लागतं."

"पहिल्यांदा सांगितलं की माणसं मान वर करतात. ऐकतात ती दुसऱ्यांदा सांगितल्यावर."

"इथे कुणाला गाडी पकडायची नाहीये."

"हो, हो," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य दोनदा वाचलं. चौतीस वर्षांची खोड दोन तासांत कुठे जाणार? त्यांना स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय होती, केबिनबाहेरच्या कर्ण्यांमधून येणारा. तो ऐकू आला तर कदाचित समाधान होईल, म्हणून तिने एक ओळ टाइप करून माइकचा आवाज थेट त्यांच्या हेडफोनमध्ये सोडला. बाबांचा चेहरा खुलला. तरी ते दोनदाच वाचत राहिले. रविवारी एकशे तीस वाक्यं झाली आणि दुपारी त्यांना पाणीही गिळवेना.

सोमवारी मात्र ती हट्टाला पेटली. आवाज घोगरा होत चालला होता, दुप्पट वाचणं परवडणारं नव्हतं. "माझी शपथ आहे तुम्हाला," ती म्हणाली, तेव्हा कुठे ते वठणीवर आले. वाक्य एकदा वाचायचे, मग ओठ घट्ट मिटून, मूठ आवळून टिंब विझायची वाट बघायचे. तिला ते कपाटाच्या दारावरच्या आरशात दिसत होते. एकशे सत्याऐंशीव्या वाक्याला, "तळ्याच्या काठावर पिवळी फुलं उमलली होती," त्यांना "पिवळी"वर ठसका लागला. तिने ते तसंच जाऊ दिलं. परत वाचायला लावायचं तर एक पुढचं वाक्य कमी होणार.

दुपारी बाबा झोपल्यावर ती तपासायला बसली. एकशे सत्याऐंशी उघडलं. तळ्याच्या काठावर, ठसका, पिवळी फुलं उमलली होती. मग शांतता. तिने हात पुढे नेला तेवढ्यात कानात पुन्हा आलं, तळ्याच्या काठावर पिवळी फुलं उमलली होती.

तिने हेडफोन काढून शेजारच्या खोलीकडे पाहिलं. बाबा घोरत होते.

सोमवारची प्रत्येक फाईल तशीच होती. सगळी वाक्यं दोनदा. पहिल्यांदा तिला हायसंच वाटलं, कारण चूक सापडल्यासारखी वाटली. रविवारची ती ओळ तिने दोनदा टाइप केली होती. माइकपासून हेडफोनपर्यंत एक सोडून दोन वाटा उघड्या होत्या. फिरत फिरत आवाज परत आत येत असणार. तिने दोन्ही वाटा बंद केल्या, संगणक विझवून पुन्हा लावला, यादीत डबी एकदाच दिसते ना ते पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. मग तिने ठसक्याची फाईल पुन्हा ऐकली. आवाज फिरून आला असता तर ठसकाही फिरून आला असता.

दुसरं वाचन स्वच्छ होतं. घोगरेपणा नाही, खरखर नाही. बाबांचाच आवाज, "ळ"वर रेंगाळायची तीच लकब, पण पंधरा वर्षांपूर्वीचा. तिने आवाज वाढवून दहा-बारा फायली लागोपाठ ऐकल्या. काहीतरी खटकत होतं आणि ते काय हे कळायला वेळ लागला. पहिल्या वाचनाआधी बाबा श्वास घेताना ऐकू यायचे. दुसऱ्याआधी कुणी श्वास घेतच नव्हतं.

तिने बाईंना फोन लावला. जे घडलं ते सांगायला जीभ रेटेना, म्हणून एवढंच म्हणाली की प्रत्येक वाक्य दोनदा आलंय, पहिलं घोगरं आहे, दुसरं स्वच्छ.

"मग स्वच्छ आहे ते द्या की," बाई म्हणाल्या. "जे द्याल तसाच आवाज तयार होईल. आयुष्यभर तोच ऐकायचाय त्यांना, आणि तुम्हालाही."

संध्याकाळी बाबा उठले तेव्हा तिने न बोलता हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि एकशे सत्याऐंशी लावलं. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी पुन्हा लाव अशी खूण केली.

"हा चांगला वाचतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"बाबा, ते तुम्हीच आहात."

"मी तर ठसकलो."

"मग हा कोण?"

बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "केबिनमध्येसुद्धा व्हायचं असं. मी एकदा सांगून तोंड मिटायचो आणि बाहेर कर्ण्यावर दुसरी खेप चालू असायची. तेवढ्यात मी चहाचे दोन घोट घ्यायचो."

"थट्टा करू नका."

"सांगणार कुणाला? साहेबाला? म्हणाला असता, मग तुझा पगार अर्धा करतो." ते हसायला गेले आणि खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "काही वाईट करत नाही तो. वेळेवर सांगतो, नीट सांगतो."

ते खरंच थट्टा करत होते का, हे तिला त्यांच्या तोंडाकडे बघून कळेना. लहानपणापासून कधीच कळलं नव्हतं. ती उठली आणि डबीची वायर उपटून ठेवली. रिकामी डबी अंधारात हिरवा डोळा लावून बसलेली तिला नको होती.

मंगळवारी सकाळी तिने आधी एक परीक्षा घेतली. बाबांना स्वयंपाकघरात बसवलं, वायर जोडली, कपाटासमोर कुणी नसताना बारा सेकंद रेकॉर्ड केलं. काही आलं नाही. पडद्यावरची आवाजाची पट्टी सपाट राहिली. म्हणजे आधी बाबांनी सांगायला हवं होतं. आपणहून तो काही बोलत नव्हता. यात दिलासा मानावा की भीती, ते तिला ठरवता आलं नाही. तिने बाबांना हाक मारली.

एकशे वीस वाक्यं राहिली होती. आज ती पट्टीवरून नजर हलवत नव्हती. बाबा वाचायचे तेव्हा पट्टी उसळायची. ते ओठ मिटायचे, खोली चिडीचूप व्हायची, आणि मग पट्टी पुन्हा उसळायची. खोलीत काहीच ऐकू यायचं नाही. दोन हातांवर बाबा पाठमोरे उभे, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि पडद्यावर कुणीतरी निवांत वाक्य सांगून मोकळं व्हायचं. पन्नासेक वाक्यांनंतर तिच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या उसळीची वाट बघतोय. ती आली की जीव भांड्यात पडतोय. स्वतःचीच तिला शिसारी आली.

तीनशे साठाव्या वाक्यानंतर आवाज गेला. बाबांनी तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठरल्या, आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी कोमट पाणी घेतलं, पुन्हा प्रयत्न केला. ते कागद खाली करून तिच्याकडे वळले. एवढे घाबरलेले बाबा तिने कधी पाहिले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "तीनशे साठांतही होईल. मी बाईंना विचारते."

त्यांनी मान हलवली. नाही. बोटाने टिंब लाव अशी खूण केली आणि पुन्हा कपड्यांकडे तोंड केलं.

टिंब लागलं. आरशात बाबांचे ओठ हलले. सबंध वाक्य त्यांनी ओठांनी सांगितलं, घाई न करता, शब्द न गाळता. पट्टी हलली नाही. ओठ मिटले. पट्टी उसळली, उसळत राहिली, वाक्याएवढा वेळ, आणि सपाट झाली.

बाबांनी वळून भुवया उंचावल्या. तिने अंगठा दाखवला.

चाळीस वाक्यं अशी झाली. शेवटी प्रोग्रॅमने बाबांची स्वतःची दहा वाक्यं मागितली, घरात रोज लागणारी. बाबांनी ती पेनने कागदावर लिहून काढली. पाणी दे. दार लाव. औषध घेतलं. मी ठीक आहे. अशी नऊ झाली आणि पेन थांबलं. मग दहाव्या आकड्यापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला, भिंगरी.

तिचं पाळण्यातलं नाव कागदोपत्री होतं, शाळेत होतं, बँकेत होतं. भिंगरी हे बाबांनी ठेवलेलं. चार वर्षांची असताना ती केबिनमध्ये गोल गोल फिरायची आणि एकदा त्यांनी वैतागून, माइक चालू असताना, सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं तिला त्या नावाने दटावलं होतं. ती आता त्रेचाळीस वर्षांची होती. आईनंतर त्या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

"हे कशाला?" ती म्हणाली. "अगं म्हटलं तरी मी येते की."

बाबांनी त्या शब्दाखाली रेघ मारली.

नऊ वाक्यं झाली. बाबांचे ओठ हलायचे, पट्टी उसळायची. पाणी दे. दार लाव. दहाव्याला त्यांनी कागद बाजूला ठेवला. त्यासाठी कागद लागत नव्हता. टिंब लागलं. आरशात ओठ हलले, थोडे हसल्यासारखे, आणि मिटले.

तिने मनात मोजायला सुरुवात केली. चार. पाच. पट्टी सपाट होती. सात. पंख्याविना खोलीत उकाडा कोंडला होता. दहा. अकरा. टिंब विझलं.

बाबा वळले. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आलं," ती म्हणाली आणि अंगठा दाखवला.

त्यांनी समाधानाने मान डोलावली, चष्मा काढून ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवे झाले. पाच मिनिटांत त्यांना झोप लागली. ती संगणक घेऊन बसली ती पार ऊन उतरेपर्यंत. बाईंनी सांगितल्याप्रमाणे स्वच्छ वाचनं तेवढी ठेवायची होती. ती एकेका फाईलचा पहिला तुकडा कापत गेली, घोगरा तुकडा, खोकल्याचा तुकडा, नुसत्या हवेचा तुकडा. कापलेलं सगळं तिने एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं. फेकवलं नाही.

पाठवायचं बटण दाबल्यावर प्रोग्रॅमने निरोप दाखवला. चारशे दहाव्या फायलीत आवाज सापडला नाही. वगळायची का?

ती उत्तर द्यायची थांबली. हेडफोन घातले, डबीची फिरकी अडेपर्यंत फिरवली आणि फाईल लावली. आधी नुसती सरसर ऐकू आली. मग कपड्यांची हालचाल. मग, अगदी जवळ, श्वास आत घेतल्याचा आवाज, कष्टाने घेतलेला, मध्येच अडकलेला. ओठ मिटून उघडल्याचा बारीकसा आवाज. जीभ टाळूला लागली, सुटली. पुन्हा लागली. मग उरलेले सेकंद कुणीही काही बोललं नाही. जो बाकी सगळं सांगून गेला होता, त्याने एवढंच सांगितलं नव्हतं.

तिने फाईल पुन्हा लावली. श्वास, ओठ, जीभ.

"ओ," ती म्हणाली.

कानांवर हेडफोन असलेला माणूस मोठ्याने बोलतो. आतल्या खोलीत पलंग करकरला. बाबा दारात येऊन उभे राहिले, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. काय झालं, अशी त्यांनी हाताने खूण केली.

तिने हेडफोन गळ्यात ओढले. "तुम्ही हाक मारलीत ना?"

बाबांनी गळ्याला हात लावला. क्षणभर विचार केला आणि होकारार्थी मान हलवली. मग ते तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, आणि तिने पडद्यावर "वगळा" दाबलं.